मोठ्या बाबांचा दुश्मन

या सदरात एरवी मी मोबाइल, पासवर्ड, एआय असल्या गोष्टींवर लिहितो. या वेळचा विषय लोखंडाचा आहे. तो माझ्या गळ्यात पडला जूनमध्ये, बालाघाटला, मोठ्या बाबांच्या ओसरीवर.

झालं असं, की ताईच्या मुलाला, म्हणजे माझ्या भाच्याला, जोसाच्या फेरीत नागपूरच्या व्हीएनआयटीत मेटलर्जी मिळालं. घरात पेढे आले आणि पेढ्यांबरोबर भांडणही. ताईचं म्हणणं, हे सोडून खासगी कॉलेजात कम्प्युटर घ्यावं. जावईबापू गप्प. पोराला नक्की काय हवं हे त्यालाही कळत नव्हतं. उत्तर द्यायला दोन दिवस उरले होते. पोर्टलवर तीन बटणं होती: फ्रीझ, स्लाइड आणि फ्लोट. मिळालेली शाखा पक्की करा, त्याच कॉलेजात वरच्या शाखेची वाट बघा, किंवा आणखी चांगल्या कॉलेजाची आशा धरा.

मी बीई झालो मेकॅनिकलमधून आणि पोट भरतो सॉफ्टवेअरवर. त्यामुळे दोन्ही बाजूंना मी आपला साक्षीदार वाटत होतो.

निकाल दिला तो मोठ्या बाबांनी. भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत त्यांनी जवळपास 30 वर्षं प्रयोगशाळेत नमुने तपासले. ते म्हणाले, "धातूचं काम म्हणजे घाण बाहेर काढाचं काम. आम्ही जन्मभर फॉस्फरस मोजत बसलो. पोराले कम्प्युटर घेऊ द्या."

आणि मी न राहवून बोलून गेलो, "मोठे बाबा, पुण्याकडे लोक पैसे देऊन लोखंडात फॉस्फरस टाकतात."

त्यांनी चष्मा काढला. "काय सांगून राहिला तू! काहून?"

त्या 'काहून'चं उत्तर द्यायला मला ती संध्याकाळ आणि दुसरी सकाळ लागली.

आधी त्यांची बाजू, कारण ती खरी आहे. बालाघाट, भंडारा आणि नागपूर या तीन जिल्ह्यांतून मँगनीजचा पट्टा जातो. 1956 मध्ये राज्यं नव्याने आखली गेली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला, पण जमिनीखालचा दगड काही तेव्हा वाटला गेला नाही. आजही बालाघाटच्या खाणी चालवणाऱ्या मॉइलचं मुख्य कार्यालय नागपूरलाच आहे. आपल्याकडच्या या दगडात मँगनीजसोबत थोडा फॉस्फरस येतो, बरेचदा ॲपेटाइट नावाच्या खनिजातून. तोच फॉस्फरस आपल्या हाडांतही असतो.

मँगनीजचा दगड कोळशाबरोबर भट्टीत घातला की फेरोमँगनीज होतं आणि ते पोलाद बनवताना वापरतात. अडचण अशी, की त्या भट्टीत फॉस्फरस राखेबरोबर किंवा मळीबरोबर निघून जात नाही. जवळजवळ सगळा धातूत उतरतो. दगडात जेवढा आला तेवढा पोलादवाल्याच्या गळ्यात. म्हणून त्याला अडवायची जागा एकच, खाणीच्या तोंडाशी. कुठल्या भागातल्या दगडात किती, हे मोजायचं आणि जास्तवाला-कमीवाला मिसळून माल मर्यादेत बसवायचा. मोठ्या बाबांच्या वेळी नमुना आम्लात विरघळवून त्यात अमोनियम मोलिब्डेट घालायचे. फॉस्फरस असला की पिवळाधमक साका खाली बसायचा. "हळदीवाणी," ते म्हणतात. जितकी हळद जास्त, तितका मालाला भाव कमी.

पोलादवाल्याला भीती कशाची? वितळलेलं पोलाद थिजताना फॉस्फरस शेवटच्या थेंबांत गोळा होतो, आणि पुढे कणांच्या सीमांवर जाऊन बसतो. तिथे तो लोखंडाची पकड सैल करतो. गरम असताना काही कळत नाही. थंडीत, धक्क्याला, पोलाद न वाकता तुटतं. तुमच्यापैकी ज्यांचं घर बांधून झालं असेल त्यांनी सळईवर 'एफई 500 डी' वाचलं असेल. भारतीय मानकात साध्या 500 ला फॉस्फरस जास्तीत जास्त 0.055 टक्के चालतो आणि 'डी'ला 0.040. भूकंपात सळई वाकावी पण तुटू नये, म्हणून ही कंजूषी.

या फॉस्फरसनं एकोणिसाव्या शतकात अर्ध्या युरोपचं लोहखनिज निरुपयोगी ठरवलं होतं. तिढा सोडवला लंडनच्या पोलीस कोर्टातल्या एका कारकुनानं. सिडनी गिलख्रिस्ट थॉमस त्याचं नाव. रसायनशास्त्र रात्रीच्या वर्गात शिकलेला. 1878 च्या सुमारास त्याने आणि त्याच्या रसायनतज्ज्ञ चुलतभावाने भट्टीला आतून चुन्याच्या जातीचं अस्तर लावून फॉस्फरस मळीत ओढून काढला. मळी दळून शेतात खत म्हणून विकली गेली, ते वेगळंच. (ताई मध्येच म्हणाली, "म्हणजे बघ, नोकरी कोर्टात केली आणि धातूचा नाद घरी." तिचा मुद्दा होता की कम्प्युटर घेऊनही नाद करता येतो. मुद्दा चांगला होता, मी काही बोललो नाही.)

आता माझी बाजू.

गाडीतले सगळेच लोखंडी भाग वितळवून, ओतून किंवा ठोकून बनत नाहीत. छोटे गिअर, ऑइल पंपाचे दातेरी चकते, शॉक ॲब्सॉर्बरमधले पिस्टन असे पुष्कळ भाग लोखंडाच्या पावडरीपासून बनतात. पावडर साच्यात भरायची, वरून-खालून दाबायची. दाब साधारण 500 मेगापास्कल, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर पाच टन. साच्यातून निघतो तो भाग आकारानं पूर्ण, पण हातातून पडला तर खडूसारखा मोडतो. मग तो जाळीच्या पट्ट्यावरून लांब भट्टीत जातो, साधारण 1120 अंशांवर, नायट्रोजन-हायड्रोजनच्या वायूत, म्हणजे गंज धरू नये. लोखंड वितळतं 1538 अंशांना, त्यामुळे इथे ते वितळत नाही. कण जिथे जिथे एकमेकांना टेकलेत तिथे तिथे अणू सरकून सांधे जुळतात. याला सिंटरिंग म्हणतात. पुण्याच्या पिंपरी पट्ट्यात हे काम कैक वर्षं चालतं, आणि लोखंडाची पावडर करणाऱ्या स्वीडनच्या होगनास कंपनीचा कारखाना अहिल्यानगरला आहे.

मोठ्या बाबांनी लगेच खोट काढली. "मंग मधात हवा राहत असंल."

राहतेच. भरीव लोखंडाची घनता 7.87, असल्या भागाची 7 च्या आसपास. म्हणजे दहा टक्के जागा रिकामी. ही छिद्रंच या धंद्याचं खरं दुखणं. आणि छिद्र किती यापेक्षा ते कसल्या आकाराचं याला महत्त्व जास्त. कण नुसते टेकून जुळले की छिद्रं वेडीवाकडी, टोकदार राहतात, आणि प्रत्येक टोक म्हणजे तड्याची सुरुवात. पत्र्याला तडा गेला की वेल्डर तड्याच्या टोकाशी गोल भोक मारतो, ते तुम्ही पाहिलं असेल. गोल भोकातून तडा सहज पुढे जात नाही. लोखंडाच्या त्या लाखो छिद्रांना गोल करायचं असेल तर काय करायचं?

इथे मी मोठ्या आईकडे वळलो, कारण उत्तर तिच्या डब्यात होतं. रव्याचा लाडू. रवा भाजलेला, कोरडा. त्यात गरम पाक घातला की पाक दाण्यादाण्यांच्या मधे पळतो, त्यांना जवळ ओढतो, आणि मग रात्रभरात रव्यातच मुरतो. सकाळी पाक वेगळा दिसत नाही, लाडू मात्र वळलेला राहतो.

फॉस्फरस हा तो पाक. तो सुटा टाकत नाहीत. लोखंड-फॉस्फरसचं एक संयुग असतं, तीन अणू लोखंड आणि एक फॉस्फरस, म्हणजे वजनानं साधारण 15.6 टक्के फॉस्फरस. त्याची बारीक भुकटी लोखंडाच्या पावडरीत मिसळतात. बर्फाला मीठ लागलं की तो शून्याखालीही वितळतो, तसं या भुकटीला लोखंड टेकलं की 1050 अंशांच्या जवळपास तिथे थेंब तयार होतो. थेंब कणांच्या फटींत शिरतो, आणि थोड्याच वेळात त्यातला फॉस्फरस आजूबाजूच्या लोखंडात मुरतो. पाक संपला.

पण खरी गंमत नंतरची आहे, आणि माझ्या मते या विषयातलं सगळ्यात सुंदर तेच आहे. 912 अंशांच्या वर शुद्ध लोखंड आपली अणूंची मांडणी बदलतं आणि जास्त दाटीची रचना घेतं. या दाटीत अणूंना सरकायला त्रास होतो. म्हणजे भट्टी तापवावी सांधे जुळायला, आणि लोखंडानं नेमकी गर्दी करून बसावं. फॉस्फरस ही गर्दी होऊ देत नाही. तो मुरला त्या जागी लोखंड 1120 अंशांनाही जुनीच, मोकळी मांडणी धरून राहतं, आणि त्या मांडणीत अणू शंभरेक पट वेगानं सरकतात. नऊ-दहा पट नाही, शंभर. तेवढ्याच भट्टीत, तेवढ्याच अर्ध्या तासात सांधे जाड होतात आणि छिद्रं गोल होतात. त्यात मुरलेला फॉस्फरस लोखंडाला थोडं कणखरही करतो. एरवी धातूत ताकद वाढवली की लवचिकपणा जातो. इथे ठरावीक मर्यादेपर्यंत दोन्ही वाढतात.

"किती टाकतात?" मोठ्या बाबांनी विचारलं.

"0.45 टक्के. कधी 0.6."

ते हसलेच. सळईत 0.04 वर तोंड वाकडं करणारे लोक, आणि इथे दहापट!

मग आधीच फॉस्फरस असलेल्या लोखंडाची पावडर का नाही करत, हा पुढचा प्रश्न भाच्याचा. तो आतापर्यंत फोनमध्ये बघत होता, निदान मला तसं वाटत होतं. प्रश्न एकदम बरोबर होता. लोखंडात आधीच फॉस्फरस मुरवला तर प्रत्येक कण कडक होतो आणि साच्यात नीट दाबला जात नाही. घनता पडते. म्हणून दाबताना कण मऊ, शुद्ध लोखंडाचे हवेत, आणि कणखरपणा भट्टीत गेल्यावर यायला हवा. सगळी युक्ती या क्रमात आहे.

आता कबुलीजबाब. हे सगळं मला पुस्तकातून कमी आणि फजितीतून जास्त कळलं. बीईच्या शेवटच्या वर्षी आम्हा चौघांचा प्रकल्प हाच होता. पुण्याकडच्या एका छोट्या वर्कशॉपनं दाबयंत्र आणि भट्टीची उरलीसुरली वेळ आम्हाला दिली. बिनफॉस्फरसच्या पट्ट्या केल्या, 0.45 च्या केल्या. दुसऱ्या खरोखर चांगल्या निघाल्या. मग आमच्यातल्या एकाला, म्हणजे मलाच, वाटलं की 0.45 नं एवढा फायदा तर 1.2 नं किती होईल. मार्गदर्शक सर रजेवर होते. आम्ही टाकलं.

भट्टीतून पट्ट्या आल्या त्या आखडलेल्या आणि मधे किंचित बसलेल्या. लाडवात पाक जास्त झाला की जे होतं तेच. त्या बाहेरून मात्र छान चमकत होत्या. चाचणीच्या यंत्रात ठेवली पहिली पट्टी, आणि ती वाकलीच नाही, टक् करून दोन तुकडे. तुटलेली बाजू खडीसाखरेसारखी चकाकत होती, कारण तडा कणांच्या सीमांवरूनच धावला होता. सगळ्या पट्ट्या तशाच. सबमिशनला आठ दिवस राहिले होते आणि पावडर संपली होती.

मोठे बाबा हे ऐकताना गंभीर झाले. "सीमेवर बसला ना? तोच तो. आमचाच."

अगदी तोच. पावडरीत आल्यानं फॉस्फरसचा स्वभाव काही बदलत नाही. भरीव पोलादात भरायला छिद्रं नसतात, त्यामुळे त्याचा उपयोग शून्य आणि उपद्रव पूर्ण. पावडरीच्या लोखंडात छिद्रं हाच मोठा आजार, त्यावर तो थोड्या मात्रेत लागू पडतो. 0.6 च्या पुढे ताकदीच्या कामाला तो पुन्हा सीमांवर गर्दी करतो आणि ठिसूळपणा आणतो. अमेरिकेच्या मानकात 0.45 आणि 0.80 असे दोन ठरलेले प्रकार आहेत, पण ते मुख्यत्वे चुंबकाच्या कामासाठी. फॉस्फरसनं कण मोठे होतात, त्यामुळे लोखंड सहज चुंबकित होतं आणि तितकंच सहज सोडतं. शिवाय विजेला थोडा जास्त अडथळा येतो, म्हणून आत फिरणारे नको ते प्रवाह कमी होतात. रिलेचे भाग, काही गाड्यांतली एबीएसची दातेरी कडी अशा ठिकाणी हे लोखंड असतं. पाय ब्रेकवर पडतो आणि चाक घसरत नाही, त्यात कुठेतरी मोठ्या बाबांचा दुश्मन कामाला असू शकतो.

आखडण्यावरही इलाज आहे, आणि तो ऐकून ओसरीवर पहिल्यांदा सगळे एकदम बोलायला लागले, कारण तो इलाज म्हणजे तांबं. आपल्या जिल्ह्यातलं मलाजखंड सगळ्यांच्या ओळखीचं, तिथल्या खाणीत कोणा ना कोणाचा भाऊ किंवा साडू नोकरीला. लोखंडाच्या पावडरीत तांब्याची पावडर घातली तर भट्टीत तांबं वितळून लोखंडाच्या कणांत शिरतं आणि भाग फुगतो. फॉस्फरसनं भाग आखडतो. दोघं प्रमाणात घातले तर माप साच्यातल्या मापाला बरंच धरून राहतं, आणि नंतरचं घासकाम वाचतं. एक फुगवणारा, एक आवळणारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला मोठ्या बाबांनी स्वतःहून विषय काढला. रात्री त्यांना आगरिया आठवले होते. मंडला-बालाघाटच्या डोंगरातले लोखंड गाळणारे आदिवासी, ज्यांच्यावर व्हेरिअर एल्विन यांनी 1942 मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांच्या मातीच्या भट्टीतही लोखंड पूर्ण वितळत नसे. पिठाच्या गोळ्यासारखा लिबलिबीत गोळा निघे आणि तो ठोकून ठोकून मळी काढत, सांधे जुळवत. "म्हणजे तेही तुझ्या पावडरीवाणीच झालं," ते म्हणाले. बरंचसं, हो. आणि अशा भट्टीत चुना नसला तर फॉस्फरस लोखंडात राहतो. दिल्लीचा लोहस्तंभ असाच, गोळे एकावर एक ठोकून जोडलेला, जवळपास 1600 वर्षं उघड्यावर उभा. त्यात फॉस्फरस पाव टक्क्याच्या आसपास आहे. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिलं की त्याच्या अंगावर जो रक्षक थर जमला, त्यात या फॉस्फरसचाच मोठा हात आहे. पोलादवाल्यांच्या हिशेबात तो स्तंभ नापास झाला असता.

मोठे बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. ताईनं भाच्याकडे बघितलं. भाचा म्हणाला, "मामा, ती 1.2 वाली पट्टी आहे का अजून तुमच्याकडे?"

आहे. पुण्यात, टेबलाच्या खणात, दोन तुकडे.

त्या दुपारी त्याने फ्रीझ दाबलं. ताई अजून पूर्ण खूश नाही. पहिल्या वर्षाच्या मार्कांवर शाखा बदलून मिळते का, हे तिने मला दोनदा विचारून ठेवलंय. तिची काळजी खोटी नाही. या शाखेत कॅम्पसला येणाऱ्या कंपन्यांची यादी कम्प्युटरपेक्षा लहानच असते, आणि मी स्वतः ज्या दिशेनं गेलो ते सगळ्यांना दिसतंय. मी तिला तसं सांगितलं.

निघताना मोठे बाबा फाटकापर्यंत आले. मला वाटलं आशीर्वाद देतील. त्यांनी विचारलं, "ती भुकटी त्या लोखंडात मिसळतात, बरोबर? लोखंड जाड, भुकटी बारीक. ट्रकात हलली की खाली बसंल. मंग नमुना कुठून घेतात? वरून का बुडातून?"

30 वर्षं नमुने घेतलेला माणूस होता तो. या धंद्यातली ही खरीच डोकेदुखी आहे. भुकटी वेगळी पडली की एका भागात 0.3 आणि दुसऱ्यात 0.7 जातो. जाडसर कण राहिला तर तो वितळून निघून जातो आणि त्याच्या जागी मोठं छिद्र उरतं. म्हणून भुकटी अतिशय बारीक घेतात आणि चिकट पदार्थानं लोखंडाच्या कणांना चिकटवूनही ठेवतात. एवढं मला माहीत होतं आणि मी सांगितलं. पण नमुना पिंपाच्या नेमका कुठल्या थरातून घेतात, हे प्रकल्प करताना आम्ही कधी विचारलंच नव्हतं. आम्ही वरच्यावर चमचा घातला होता.

"लिहून घे," ते भाच्याला म्हणाले, "आणि पहिल्या दिवशी विचार."